सभासदाने स्वतः यावे

उकंडरावांनी हर्षलचा गुडघा वाकवला, एक हात त्याच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली सरकवला आणि त्याला ओढून कुशीवर घेतलं, तेवढ्यात खिडकीत ठेवलेला फोन दोनदा टुणटुणला. हर्षलच्या नंबरावर आलेल्या निरोपाचा आवाज. रुपालीनं, त्यांच्या मुलीनं, त्या नंबराला मुद्दाम वेगळा आवाज लावून दिला होता.

फोन चार हातांवर होता. पण पाठीमागे उशी लावल्याशिवाय हात काढता येत नव्हता आणि उशी पायथ्याशी राहून गेली होती. एकतीस वर्षांच्या मुलाचं अंग छातीशी धरून ते तसेच वाकून उभे राहिले.

“अवं, इकडं ये जराशी.”

अंगणात नळ आला होता. टाकीत पडणाऱ्या पाण्यात त्यांची हाक सरस्वतीबाईंपर्यंत पोचली नाही. फोनचा उजेड थोडा वेळ दिसला आणि विझला. दहा दिवसांपासून ते या आवाजाची वाट पाहत होते. हर्षलची मान त्यांच्या दंडावर होती आणि त्याचे उघडे डोळे त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीकडे लागले होते. गुंडीकडे बघत होते असं मात्र म्हणता येत नव्हतं.

पाणी भरून सरस्वतीबाई आत आल्या, नवऱ्याकडे बघून त्यांनी उशी उचलली आणि मुलाच्या पाठीशी खोचली. उकंडरावांनी हात मोकळे केले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि फोन घेतला.

“प्रिय हर्षल,” ते सावकाश वाचू लागले. “करवंदाचं पिंप उघडलं. अठरा महिने वाट पाहिलीत. एकूण दोनशे चाळीस बाटल्या निघाल्या. प्रत्येक सभासदाला दोन. पंधरा दिवसांच्या आत घेऊन जा. कुरिअरने पाठवता येणार नाही. सभासदाने स्वतः यावे.”

“काय म्हणते?” सरस्वतीबाईंनी विचारलं.

“झाली म्हणते तयार.”

“मंग?”

“मंग काई नाही. ज्याचं नाव हाये त्यानंच यावं म्हणते.”

सरस्वतीबाईंनी हर्षलच्या ओठांच्या कोपऱ्यातली लाळ पदरानं टिपली आणि त्या पुन्हा नळाकडे गेल्या.

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून नोकरीतून सुट्टीला आलेला हर्षल मोटारसायकलवर गावाहून, धाडहून, बुलढाण्याला निघाला होता. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. वळणावर कोणीतरी डांबरावर मका वाळत घातला होता. दाण्यांवरून चाक सरकलं. मका कोणाचा होता तेही नंतर कळलं. पण त्याच माणसानं हर्षलला उचलून जीपमध्ये घातलं होतं आणि दवाखान्याच्या दारात तो लहान लेकरासारखा रडला होता. त्याला काय बोलायचं? उकंडरावांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. मक्यावरून, सोयाबीनवरून, तुरीच्या काड्यांवरून गाडी नेली. असल्या वळणावर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. मुलाला सांगायचं मात्र कधी सुचलं नाही.

संभाजीनगरच्या दवाखान्यात बेचाळीस दिवस गेले. मार मेंदूला खोल लागला होता. श्वास त्याचा तो घेत होता. दिवसा डोळे उघडायचे, रात्री मिटायचे. चेहऱ्याची डावी बाजू ओघळली होती. पोटाला नळी बसवली आणि डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, बोलत राहा, वाट पाहा. किती वाट पाहायची ते त्यांनी सांगितलं नाही आणि उकंडरावांनी विचारलंही नाही.

पहिला निरोप आला तो त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात. हर्षलचा फोन रस्त्यावरच फुटला होता. रुपालीनं त्याचं सिमकार्ड वडिलांच्या फोनमध्ये घालून दिलं, त्याच संध्याकाळी. “प्रिय हर्षल, पिंपावर पांढरी साय धरली आहे. घाबरू नका. तिला हात लावायचा नसतो. तिच्याखाली सगळं नीट चाललं आहे.” उकंडरावांना वाटलं, औषधाचं काही असेल. त्यांनी तो निरोप तीनदा वाचला आणि रुपालीपुढे धरला.

रुपाली चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं समजावून सांगितलं. पुण्याजवळ एक छोटा बिअरचा कारखाना होता. तिथं लाकडी पिंपात फळं घालून वर्ष-दीड वर्ष मुरवत ठेवलेली आंबट बिअर करायचे. थोडीच निघायची आणि ती फक्त सभासदांना मिळायची. त्या सभासदांच्या क्लबाचं नाव होतं आंबट मंडळ. हर्षल तीन वर्षांपासून त्यात होता.

“तुले माहीत होतं?”

“हाव.”

“मले काऊन नाही सांगितलं?”

उकंडरावांनी आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं. पिऊन आलेल्या प्रवाशाला ते कंडक्टरची वाट न बघता खाली उतरवायचे. त्यांना आतून राग आला. मग काचेपलीकडच्या मुलाकडे पाहिलं आणि तो कोणावर काढायचा ते कळेना.

घरी आल्यावर पहिले दोन महिने फोन सारखा वाजायचा. मित्र, कंपनीतले लोक, वर्गातली मुलं. मग आठवड्यातून एकदा. मग सणावाराला. आंबट मंडळाचा निरोप तेवढा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचाच, वेळेवर लागणाऱ्या गाडीसारखा. पिंपाचं लाकूड या महिन्यात थोडं जास्त प्यालं. थंडीमुळे सगळं संथ झालं आहे. उन्हाळ्यात पुन्हा जोर धरेल. चव घेतली, अजून कच्ची आहे, उघडायची घाई करणार नाही. उकंडराव खाटेजवळ स्टूल ओढून बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. वाचून झालं की मुलाच्या तोंडाकडे बघायचे आणि फोन खिशात घालायचे.

“दारूच्या चिठ्ठ्या वाचून राह्यले लेकरापुढं,” सरस्वतीबाई म्हणायच्या. “त्यापरीस हरिपाठ वाचा.”

“हरिपाठ तू म्हणतच राह्यली ना दोन्ही टाइम. हे त्याचं हाये. त्यानं स्वतः नाव लावलंतं.”

सरस्वतीबाईंनी स्वतःही काही बाकी ठेवलं नव्हतं. हिवरा आश्रमाला जाऊन आल्या, सैलानीला जाऊन आल्या, शेजारणीनं सांगितलेला धागा मनगटाला बांधला. आणलेला प्रसाद पाण्यात कालवून त्या बोटानं हर्षलच्या जिभेला लावायच्या. कधी मध, कधी साखरेचं पाणी. आजारी माणसाला आंबट, तिखट काही द्यायचं नसतं. इतकं पथ्य त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं. जीभ हलायची नाही. गोड ओठांवरून ओघळून हनुवटीवर यायचं.

फिजिओथेरपी करणारी वंदना बुलढाण्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी स्कूटीवर यायची. हर्षलचे हातपाय हलवून घ्यायची, सांधे आखडू नयेत म्हणून. पावसाळ्याच्या शेवटी एकदा काम करता करता ती म्हणाली, “काका, आवाज झाले, गाणी झाली. ओळखीच्या वासानं, चवीनंसुद्धा कधी कधी फरक पडतो. त्याला असं खास काय आवडायचं?”

“शिरा,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “लहानपणापासून.”

उकंडराव भिंतीकडे बघत होते. ते म्हणाले, “एक हाये. पण त्याले अजून दीड-दोन महिने हायेत.”

त्यांनी काय ते सांगितलं तेव्हा वंदनानं हात थांबवले. तिनं डॉक्टरांना विचारते म्हणून सांगितलं आणि शुक्रवारी निरोप आणला.

“कापसाच्या बोळ्यानं एखादा थेंब जिभेला लावला तर वाईट काही होणार नाही म्हणाले.”

“अन् चांगलं?”

“त्याबद्दल काही बोलले नाहीत.”

त्या दिवसापासून उकंडराव त्या पिंपाची वाट बघायला लागले. आधी निरोपाची बघायचे, आता पिंपाची. महिना संपत आला की फोन चार्जिंगला लावून खिडकीत ठेवायचे, तिथं रेंज बरी मिळायची. ऑक्टोबरचा निरोप आला, “आता फार दिवस नाहीत.” त्या दिवशी त्यांनी हर्षलची दाढी गरम पाण्यानं केली.

पिंप उघडल्याचा निरोप आला त्याच दिवशी रुपालीनं आंबट मंडळाच्या नंबरावर लिहून पाहिलं, की भाऊ आजारी आहे, वडिलांना पाठवलं तर चालेल का. लगेच उत्तर आलं, पण ते आपोआप जाणारं होतं. सभासदाने स्वतः यावे. फोन केला तर नुसती रिंग वाजायची. “मीच जाऊन येते,” ती म्हणाली.

“नाही. तू दोन दिवस मायपाशी राय. मी जातो.”

सकाळच्या गाडीनं ते बुलढाण्याहून निघाले. सवयीनं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. पुण्याच्या डेपोत ड्रायव्हर लोकांच्या खोलीत जुन्या ओळखीवर एक खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी दोन बस आणि एक रिक्षा करून ते शहराबाहेरच्या त्या शेडपाशी पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते.

आत गारवा होता आणि वास होता. ओलं पोतं, आंबलेलं पीठ, लोणच्याची बरणी, असा काहीसा. टेबलामागे एक मुलगी बसली होती. छातीवर नावाची पट्टी होती, पुष्पांजली. समोर हर्षलच्या वयाची दहा-बारा मुलंमुली रांगेत उभी होती. कोणी टोपी उलटी घातलेली, कोणी पोराला काखेत घेतलेलं. ज्याचा नंबर येई तो फोन दाखवी, दोन बाटल्या घेई आणि तिथंच त्यांच्यासोबत फोटो काढी. पांढरा सदरा, गळ्यात मफलर घातलेले उकंडराव रांगेच्या शेवटी उभे राहिले. त्यांचा नंबर आला.

“सर, नाव?”

“हर्षल उकंडराव काळवाघे.”

तिनं यादीत बघितलं, मग त्यांनी पुढे केलेल्या हर्षलच्या आधार कार्डावरचा फोटो बघितला, मग त्यांच्याकडे बघितलं.

“हे तुम्ही नाही ना?”

“पोरगा हाये माहा.”

“मग त्यांना यावं लागेल, सर. नियम आहे. लोक दुसऱ्यांची नावं सांगून नेतात आणि बाहेर विकतात. अजून बारा दिवस आहेत.”

“त्याले येता येत नाही.”

“हरकत नाही,” ती मदत करायच्या स्वरात म्हणाली. “व्हिडिओ कॉल लावा. त्यांनी नुसतं ‘हो’ म्हटलं तरी मी देते.”

उकंडरावांनी खिशातला फोन काढला. हातात धरून ठेवला.

“नुसतं हो म्हणायचं?”

“हो. तेवढंच.”

मागे आणखी दोन माणसं येऊन उभी राहिली होती. उकंडराव बाजूला झाले. भिंतीला लागून एक बाकडं होतं त्यावर जाऊन बसले. खरं सांगितलं तर ती देईल हे त्यांना कळत होतं. पण ते वाक्य त्यांनी आजवर कोणा अनोळखी माणसापुढे उच्चारलं नव्हतं, आणि इथं, या हसणाऱ्या मुलांमध्ये, जीभ वळेना. एकेक जण येत होता, बाटल्या घेऊन जात होता. टेबलामागची खोकी कमी होत होती. उकंडराव ती मोजायला लागले आणि मग त्यांनी मोजणं सोडून दिलं.

बऱ्याच वेळानं रबरी बूट घातलेला एक माणूस आतून आला आणि त्यांच्यापुढे थांबला. पस्तिशीचा असेल. त्याच्या एप्रनवर जांभळे डाग होते.

“काका, कोणाची वाट बघताय?”

“कोणाची नाही.”

“पुष्पांजली म्हणाली, धाडहून आलात. हर्षल काळवाघेचे वडील का तुम्ही?”

उकंडरावांनी मान हलवली.

“मी धम्मरत्न. बिअर मी करतो इथली. कुठंय तो? या पिंपाची करवंदं कुस्करायला सगळ्यात आधी हजर होता, आणि आता न्यायला बापाला पाठवतो?” तो हसत होता. उकंडरावांच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्याचं हसू कमी झालं. “काय झालं, काका?”

“बिमार हाये.”

“कधीपासून?”

“मागच्या सालच्या दिवाळीपासून. डोळे उघडते. बाकी काई नाही.”

धम्मरत्न त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसला.

“ते मेसेज मी लिहितो,” तो म्हणाला. “दर महिन्याला. एकाचंही उत्तर आलं नाही त्याचं. मला वाटलं, लग्नबिग्न केलं असेल, विसरला.”

“मी वाचून दाखवतो त्याले. सगळे दाखवले.”

धम्मरत्ननं चेहऱ्यावरून हात फिरवला, उठला आणि टेबलामागून दोन बाटल्या घेऊन आला. गडद काचेच्या, छोट्या, गळ्याशी मेण लावलेल्या. त्यानं त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या.

“उभ्या ठेवा. घरी नेल्यावर एक दिवस हलवू नका. आणि एक सांगू? ही सगळ्यांना आवडत नाही. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतंच. हर्षलचं तर फार व्हायचं. एक डोळा गच्च मिटायचा आणि म्हणायचा, अजून द्या.”

“एक डोळा?”

“एकच. आम्ही चिडवायचो त्याला.”

निघताना त्यानं विचारलं, पुढच्या वर्षीच्या यादीत हर्षलचं नाव राहू देऊ ना. उकंडराव म्हणाले, राहू द्या.

परतीच्या गाडीत बाटल्या मफलरमध्ये गुंडाळून त्यांनी मांडीवर उभ्या धरल्या. एसटीत दारू न्यायला बंदी आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. सिल्लोडच्या पुढे कंडक्टर जवळ आला. ओळखीचा निघाला. “काय उकंडराव, एवढं सांभाळून काय नेऊन राह्यले?”

“औषध हाये पोराचं,” ते म्हणाले आणि मफलर आणखी घट्ट धरला.

रुपाली चिखलीला परत गेली. बाटल्या घरात कुठं ठेवायच्या यावरून सरस्वतीबाई अर्धा दिवस बोलल्या नाहीत. फ्रिजमध्ये देवाच्या नैवेद्याचं दूध होतं. तिथं त्या बाटल्या ठेवू देणार नाही, असं त्यांच्या हालचालीतच होतं. मग उकंडरावांनी धम्मरत्नची गोष्ट सांगितली. हर्षल कसा सगळ्यांच्या आधी हजर असायचा, त्याला सगळे कसे ओळखत होते, एक डोळा कसा मिटायचा.

“एकच डोळा?” सरस्वतीबाईंनी विचारलं.

“एकच. अन् म्हणे, अजून द्या.”

“मले कधीच नाही दिसलं ते,” त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी दुधाचं पातेलं खालच्या कप्प्यात हलवलं आणि वरची जागा रिकामी केली.

मंगळवारी वंदना आली. उकंडरावांनी सांडशीनं मेण फोडून झाकण काढलं. फस्स असा आवाज झाला आणि करवंदाचा वास खोलीभर पसरला, त्याच्यामागून लाकडाचा, त्याच्यामागून आणखी कसला तरी, नाव नसलेला. वाटीत रंग जांभळट-लाल दिसत होता. सरस्वतीबाई पदर नाकाला लावून उंबऱ्यात उभ्या होत्या.

वंदनानं आधी वाटी हर्षलच्या नाकाजवळ धरली. मिनिटभर धरली. डोळे पंख्याकडे होते, तिथंच राहिले. मग तिनं खाटेची डोक्याकडची बाजू उचलली, काडीचा कापूस वाटीत बुडवून पिळला आणि जिभेच्या टोकाला टेकवला. काही झालं नाही. अंगणातून चिमण्यांचा आवाज येत होता.

“अजून एकदा,” उकंडराव म्हणाले.

तिनं या वेळी जिभेच्या कडेला लावला.

हर्षलचे ओठ आवळले. कपाळावर आठी उठली, गाल आत ओढला गेला आणि उजवा डोळा गच्च मिटला. डावा तसाच उघडा होता. जीभ हलली, टाळूला लागून आल्याचा बारीकसा आवाज झाला. मग चेहरा हळूहळू सैल पडला आणि उजवा डोळा उघडला.

“एक डोळा!” सरस्वतीबाई उंबऱ्यातून धावत आत आल्या. “एक डोळा मिटला हो त्यानं! पाह्यलं का तुमी?” त्या खाटेपाशी खाली बसल्या, त्याचा हात गालाला लावला. “ओळखलं माह्या लेकरानं. हर्षू, ओळखलं ना रे?”

उकंडरावांनी मुलाच्या पायावर हात ठेवला आणि तिथंच धरून ठेवला.

वंदना वाटी हातात घेऊन उभी होती. “चांगलं आहे,” ती म्हणाली. “काकू, चांगलं आहे.” तिनं हातपायांचा व्यायाम नेहमीपेक्षा लवकर उरकला. उकंडराव तिला स्कूटीपर्यंत सोडायला गेले. हेल्मेटचा पट्टा लावता लावता ती म्हणाली, “काका...” आणि थांबली. मग तिनं घराच्या दाराकडे बघितलं. आतून सरस्वतीबाईंचं बोलणं ऐकू येत होतं, भरभर, हसत. “काही नाही. शुक्रवारी येते,” म्हणून ती निघून गेली.

त्या दिवशी सरस्वतीबाई पाटावर बसून पोटभर जेवल्या. तेरा महिने त्या हर्षलच्या खाटेजवळ उभ्याउभ्या चार घास घशाखाली ढकलत होत्या. दुपारी शेजारणीला बोलावून त्यांनी सगळं दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी बुधवारी त्या पहाटे उठल्या, न्हाल्या, केसांना तेल लावलं. “मी मंदिरात जाऊन येते,” म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता चपला घालून गेल्या. घर सोडून एवढ्या सहज त्या कितीतरी दिवसांनी बाहेर पडल्या होत्या.

उकंडराव खाटेपाशी स्टुलावर बसून राहिले. वंदनाचं ते अर्धं राहिलेलं बोलणं रात्रभर त्यांच्या डोक्यात होतं. थोड्या वेळानं ते उठले, स्वयंपाकघरात गेले. टोपलीतून एक लिंबू घेतलं, विळीवर अर्धं केलं, एक फोड वाटीत पिळली. कालच्यासारखीच त्यांनी खाटेची डोक्याकडची बाजू उचलली. कालच्यासारखाच कापूस बुडवून पिळला आणि जिभेच्या कडेला लावला.

ओठ आवळले. कपाळावर आठी उठली, गाल आत ओढला गेला, उजवा डोळा गच्च मिटला. डावी पापणी अपघातापासून झोपेतही पुरती मिटत नव्हती. ती आताही मिटली नाही. जीभ टाळूला लागली, तसाच बारीक आवाज झाला. मग चेहरा सैल पडला आणि डोळे पंख्याकडे गेले.

उकंडरावांनी त्याचे ओठ ओल्या फडक्यानं पुसले. खाट खाली केली. लिंबाचा रस त्यांच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळत होता.

अंगणात चपलांचा आवाज झाला. सरस्वतीबाई फोनवर बोलत बोलतच आत आल्या, कपाळाला अंगारा होता. “अवं, बिलकुल तसंच! त्या पुण्याच्या पोरानं सांगितलं, तसंच. तुले खोटं वाटते का? थांब, तुह्या बाबालेच विचार.” त्यांनी फोन पुढे केला. “रुपाली हाये. तिले सांगा.”

उकंडरावांनी लिंबाची फोड मुठीत मिटली आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला.

“बाबा,” रुपालीचा आवाज हळू होता. मागे शाळेची घंटा वाजत होती. “आंबटानं कोणाचंही तोंड असंच होते. वंदनाताई काय म्हणल्या? तुम्ही खरं सांगा मले. खरंच ओळखलं का त्यानं?”

सरस्वतीबाई हर्षलच्या उशाशी उभ्या होत्या. मंदिरातून आणलेला अंगारा त्याच्या कपाळाला लावत होत्या आणि मान वळवून नवऱ्याकडे बघत होत्या.

“हाव,” उकंडराव म्हणाले. “ओळखलं.”

पलीकडची घंटा थांबली. मग रुपालीनं नाक ओढल्याचा आवाज आला.

“बरं,” ती म्हणाली. “बरं झालं, बाबा. मंग पुढची कधी येते?”

“पुढच्या दिवाळीनंतर. यादीत नाव ठेवलं हाये त्याचं.”

“काय म्हणते?” सरस्वतीबाईंनी विचारलं.

“पुढची कधी येते म्हणून राह्यली. म्हटलं, एक वर्ष हाये अजून.”

“वर्षाचं काय घेऊन बसले,” सरस्वतीबाई हर्षलच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत म्हणाल्या. “असं जाते वर्ष.”